हुशार मुलांना सामाजिक शास्त्रे शिकवताना: नवी मुंबईवरचा एक पाठ

पाचवी-सहावीच्या वर्गात धडा एकदा वाचताच समजणारी दोन-चार मुले असतातच. त्यांच्या हाती बहुधा शिष्यवृत्तीचा सरावसंच दिला जातो. त्याने वेळ भरतो, पण विचाराला काम मिळत नाही. अशा मुलांना आणखी माहिती नको असते. परस्परांशी न जुळणारी माहिती पडताळून पाहण्याची संधी हवी असते. नवी मुंबईतील शिक्षकाला ती शाळेच्या आसपासच सापडते.

सुरुवात नकाशापासून करावी. तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, नेरूळ ही नावे मुलांना रेल्वे स्थानकांची म्हणून ठाऊक असतात. सेक्टरांच्या नकाशावर मूळ गावठाणे शोधून रंगवायला सांगावे. आखीव रस्त्यांच्या मधोमध वाकड्या गल्ल्यांची दाटी दिसली, की "हा भाग असा का?" हे मुलेच विचारतात. उत्तर लगेच देऊ नये. प्रत्येकाने आपला अंदाज आणि त्यामागचे कारण आधी वहीत लिहावे.

त्यानंतर दोन बाजू समोर ठेवाव्यात. सिडको या नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० साली झाली आणि मुंबईवरचा लोकसंख्येचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे शहर वसवायचे ठरले, ही एक बाजू. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या, जमिनी संपादित झालेल्या आगरी-कोळी कुटुंबांची दुसरी. जानेवारी १९८४ मध्ये प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन ५ जणांचा बळी गेला, आणि पुढे संपादित जमिनीच्या मोबदल्यात १२.५ टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली, हेही मुलांना सांगावे. या वयात ते पेलत नाही, असे मला वाटत नाही.

आता एकच विधान फळ्यावर लिहावे: "हे शहर ओसाड जमिनीवर वसले." ते खोटे ठरवायचे तर कोणता पुरावा लागेल? येथे जुना सातबारा फार उपयोगी पडतो, कारण त्यातील नमुना बारामध्ये पिकाची नोंद असते. खातेदाराची नावे झाकून त्याची प्रत मुलांना द्यावी आणि भाताची नोंद त्यांनाच शोधू द्यावी. आजोबांची मुलाखत हाही पुरावाच. मात्र आठवणीही तपासाव्या लागतात. "माझ्या लग्नाच्या वेळी वाशीला लोकल नव्हती," असे ते म्हणाले, तर लोकल १९९२ मध्ये आली हे पाहून लग्नाच्या सालाशी ताडून घ्यावे.

वर्गात प्रकल्पग्रस्त कुटुंबांतील मुले असतात आणि नंतर राहायला आलेल्यांचीही, म्हणून येथे हार-जितीचा वादविवाद मुळीच घेऊ नये. हुशार मुलांना वाद जिंकणे लवकर जमते, समोरच्याचे ऐकणे मात्र शिकवावे लागते. प्रत्येकाने दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे मांडावे, की त्या बाजूच्या मुलाने "हो, मला हेच म्हणायचे होते" असे म्हणावे. तोवर स्वतःचे मत मांडायचे नाही.

शेवटी वहीतला पहिला अंदाज काढून मुलांनी लिहावे: काय बदलले, कोणत्या पुराव्यामुळे, आणि आणखी काय सापडले तर मत पुन्हा बदलेल. गुण या तिसऱ्या उत्तराला सर्वाधिक द्यावेत, मग निष्कर्ष शिक्षकाच्या मताविरुद्ध असला तरी चालेल.