आयर्लंडचे क्रूस, मनोरे आणि वायकिंग डब्लिन: कुठे उभं राहायचं आणि किती वाजता

आयर्लंडमध्ये वायकिंगांच्या खुणा शोधायला आणि कॅमेऱ्यात टिपायला निघालात तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: जमिनीवर उभं असलेलं वायकिंग बांधकाम तिथे जवळपास नाहीच. त्यांची घरं लाकडाची आणि कुडाची होती, ती मातीखाली गेली. आज जे दगडी अवशेष दिसतात ते मठांचे, आणि पुढे नॉर्मनांचे. म्हणून बेत दोन भागांत आखा. ऊन असेल तेव्हा उघड्यावरचे दगड बघा, पाऊस लागला की डब्लिनचं संग्रहालय गाठा. तिथल्या हवेत हा क्रम आदल्या रात्री अंदाज पाहूनच ठरवावा लागतो.

दगडांची सुरुवात लाउथ परगण्यातल्या मोनास्टरबॉइस या जुन्या मठाच्या जागेपासून करा. द्रोहेडापासून ते थोड्याच अंतरावर आहे. द्रोहेडापर्यंत डब्लिनहून रेल्वे मिळते, पुढे टॅक्सी करावी किंवा स्वतःची गाडी न्यावी. तिकीट नाही. इथला म्युरेडॅकचा क्रूस साधारण साडेपाच मीटर उंच आहे. वालुकाश्मावर इतकं शाबूत राहिलेलं कोरीवकाम देशात फार थोड्या ठिकाणी सापडेल. तरीही बहुतेकांचे फोटो सपाट येतात, कारण ते ऊन समोरून पडत असताना काढलेले असतात. समोरच्या उन्हात सावलीच पडत नाही, आणि सावली नसेल तर उठाव दिसत नाही.

क्रूसाच्या मुख्य बाजू पूर्वेला आणि पश्चिमेला तोंड करून आहेत. पूर्वेची बाजू सकाळी आणि पश्चिमेची संध्याकाळी टिपावी असा सल्ला सर्रास मिळतो. रंगासाठी तो ठीक आहे, नक्षीसाठी चुकीचा. नक्षीला ऊन दगडाच्या पृष्ठभागावरून घासत जायला हवं, आणि ते घडतं सूर्य दक्षिणेला असताना. आयर्लंड स्वतःच्या प्रमाणवेळेच्या रेखांशापेक्षा पश्चिमेला असल्यामुळे सूर्य ऐन दक्षिणेला येतो तो घड्याळातल्या बाराला नव्हे. उन्हाळी वेळ चालू असताना (मार्च ते ऑक्टोबर) साधारण सव्वा ते दीड वाजता येतो, हिवाळ्यात सव्वाबारा-साडेबाराला. त्या क्षणाच्या पाऊण तास आधी पूर्वेची बाजू टिपा, नंतरच्या पाऊण तासात पश्चिमेची.

महिना निवडता आला तर एप्रिल किंवा सप्टेंबर घ्या. जूनमध्ये माध्यान्हीला सूर्य ६० अंशांवर चढतो आणि क्रूसाच्या बाहूंना जोडणाऱ्या दगडी चक्राची सावली खालच्या चित्रांवर पडते. डिसेंबरमध्ये तो जेमतेम १३ अंशांवर असतो, तेव्हा झाडांच्या आणि आसपासच्या थडग्यांच्या सावल्या आड येतात. उत्तरेच्या बाजूला वर्षातला बराच काळ ऊन मिळतच नाही. ती हवी असेल तर जूनमध्ये पहाटे पाचच्या सुमारास, सूर्य ईशान्येला उगवताच हजर राहा.

पंधरा ते बावीस मीटर मागे उभं राहून ८५ ते १३५ मिमीची लेन्स वापरा. फोन असेल तर दोन किंवा तीन पटीची दुसरी लेन्स. जवळून रुंद लेन्सने टिपलं तर पाया फुगतो आणि वरचा भाग निमुळता होतो. एफ ८, आयएसओ १०० ते २००. आधी पूर्ण क्रूस, मग पुढे सरकून एकेक चौकट. पूर्वेला मधोमध अंतिम न्यायाचा प्रसंग आहे. येशूच्या पायांखाली तराजूत आत्म्याचं वजन चाललंय आणि सैतान खालून लबाडी करतोय, ते बघायला विसरू नका. पश्चिमेच्या बाजूला येशूला दोन तलवारधारी मिशाळ शिपायांनी धरलंय. अगदी तळाशी दोन मांजरं आणि त्यांच्याभोवती क्रूस करवून घेणाऱ्या म्युरेडॅकसाठी प्रार्थना मागणारा लेख आहे. लेखासाठी गुडघ्यांवर बसावं लागतं, सोबत एखादी प्लास्टिकची पिशवी ठेवा. गवत कायम ओलं असतं.

ढग असतील तर फ्लॅश कॅमेऱ्यापासून वेगळा करा. रेडिओ ट्रिगरने (फ्लॅश दुरून पेटवणारं यंत्र) तो चौकटीच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला, दीड-दोन मीटर लांब, दगडाच्या पातळीशी १०-१५ अंशांच्या तिरक्या कोनात धरा. शटर १/२००, एफ ११, म्हणजे आजूबाजूचा मंद प्रकाश दबतो. फ्लॅश जास्त जवळ आणला तर चौकटीचा एक काठ जळतो आणि दुसरा काळा पडतो. दगडफूल खरवडणं, अक्षरांत खडू भरणं, कागद ठेवून घासणं, यातलं काहीही करू नका. वालुकाश्म झिजतो, आणि एकदा गेलेली रेघ परत येत नाही.

मठांच्या उंच गोल मनोऱ्यांसाठी विकलो परगण्यातलं ग्लेंडालॉक गाठा. डब्लिनच्या दक्षिणेला साधारण ५० किमी. सहलींच्या बसगाड्या येण्याआधी, म्हणजे सकाळी नऊच्या आत पोचा. मनोरा सुमारे ३० मीटर उंच आहे. शंकूसारखं छप्पर १८७६मध्ये मूळच्याच दगडांनी पुन्हा बसवलं. कॅमेरा वर झुकवला की मनोरा मागे कलल्यासारखा दिसतो. म्हणून कॅमेरा उभा आणि सरळ समपातळीत धरा, अंतर वाढवा. पूर्ण फ्रेम कॅमेऱ्यावरच्या २४ मिमी लेन्सला किमान ४० मीटर मागे जावं लागेल, ३५ मिमीला ६०, फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला ४५. खालच्या अर्ध्या भागात गवत आणि थडगी येतात. ती नको असतील तर नंतर कापा. ओला दगड चमकतो, तेव्हा पोलराइजर (चमक कापणारा फिल्टर) फिरवून ती मारा.

दरवाजा जमिनीपासून साडेतीन मीटरवर का, तर वायकिंग आले की साधू शिडी ओढून आत लपत, असं गाइड हमखास सांगतात. यावर भरवसा कमी ठेवा. हे मनोरे मुख्यतः घंटेचे होते आणि त्यांचा पाया उथळ असे. दरवाजा खाली ठेवला असता तर बुंधा कमकुवत झाला असता. शिवाय लपायला ही जागा वाईटच. ९५०मध्ये डब्लिनच्या वायकिंगांनी स्लेनचा मनोरा आतल्या माणसांसकट जाळला.

नकाशावर नसलेली लहान चर्चं शोधायची असतील तर सरकारचा हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट व्ह्यूअर हा मोफत ऑनलाइन नकाशा उघडा. पण ठिपका दिसला म्हणून शेतात शिरू नका. आयर्लंडमध्ये खासगी जमिनीतून फिरण्याचा सर्वसाधारण हक्क नाही. घरी जाऊन विचारा, बहुतेक लोक हो म्हणतात. फाटक जसं होतं तसंच ठेवा, कुंपणात वीज असू शकते, आणि गायींच्या कळपात बैल नाही ना ते आधी बघा. परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर घेऊन पुरातन वस्तू शोधणं हा गुन्हा आहे. सरकारी देखरेखीतल्या स्थळांवर ड्रोन उडवायलाही आधी परवानगी घ्यावी लागते.

आता पावसाचा दिवस. वायकिंगांनी ८४१मध्ये डब्लिनला नौकातळ वसवला. त्यांच्या वस्तीचा मोठा भाग १९७४ ते १९८१ दरम्यान शहरातल्या वुड की या नदीकाठच्या भागात खणला गेला. पाणथळ मातीमुळे कुडाच्या भिंतीसुद्धा टिकल्या होत्या. लोकांनी मोर्चे काढले तरी त्या जागेवर महापालिकेची कार्यालयं उभी राहिलीच. त्यामुळे तिथे जाऊन इमारतीचा फोटो काढण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा शेजारच्या ख्राइस्ट चर्च कॅथेड्रलच्या आसपास पायाखाली बघा: फरसबंदीत उत्खननातल्या वस्तूंच्या ब्राँझच्या प्रतिकृती बसवल्या आहेत. पाऊस नुकताच थांबला असेल तर त्या सर्वांत छान दिसतात.

खऱ्या वस्तू किल्डेअर स्ट्रीटच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत, प्रवेश मोफत. किल्मेनम आणि आयलंडब्रिज इथल्या दफनांमधल्या तलवारी आधी बघा, वुड कीच्या वस्तू नंतर. फ्लॅश बंद. काचेतलं प्रतिबिंब टाळायला लेन्सला रबरी हुड लावून तो काचेला अलगद टेकवा. हुड नसेल तर गडद रंगाचा सदरा घालून जा, पांढरा शर्ट काचेत हमखास उमटतो. आयएसओ १६०० ते ३२००, शटर १/६०. पोलराइजर इथे काढून ठेवा, तो बराच प्रकाश खातो. प्रत्येक वस्तूनंतर तिच्या पाटीचाही एक फोटो घ्या. घरी आल्यावर गंजलेल्या तलवारी एकमेकींसारख्याच दिसतात.