उजनीसाठी जुनी होडी घेण्यापूर्वीची तयारी

सोलापूरच्या माणसाने होडी घ्यायचे मनावर घेतले, तर ती बहुधा उजनीच्या पाण्यासाठीच असते. शहराजवळचा एकरुख म्हणजेच हिप्परग्याचा तलाव त्या मानाने लहान आहे. त्यामुळे यादीतली पहिली नोंद होडीची नसून पाण्याची असावी. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी असली, तरी त्यातील जवळपास ६३ टीएमसी मृतसाठा आहे, आणि कमी पावसाच्या वर्षी उन्हाळ्यात धरण ‘वजा’ पातळीत, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली, जाते. अशा वेळी काठ दूर सरकतो, होडी गाळात बसते, आणि बुडालेल्या गावांच्या भिंती व झाडांचे बुंधे पाण्याच्या पृष्ठभागाखाली जेमतेम हातभर अंतरावर येतात. म्हणून वर्षातील किती महिने होडी खरोखर चालेल, हे किमतीच्या आधी लिहून काढावे. हिवाळ्यात चार रविवारी रोहित पक्षी पाहायला जाणे एवढाच हेतू असेल, तर स्थानिक नावाड्याची होडी भाड्याने घ्यावी. खरेदीचा विचार इथेच सोडून द्यावा. मासेमारी किंवा पर्यटकांची ने-आण करायची असेल, तरच पुढील तयारीला अर्थ आहे.

जुन्या फायबरच्या होडीचा मोठा फायदा असा की सांगाडा नीट जपलेला असेल, तर तो इंजिनापेक्षा कितीतरी अधिक वर्षे टिकतो. माझ्या मते सौदा करताना इंजिन नाहीच असे धरून सांगाड्याची किंमत ठरवावी आणि इंजिन चालले तर तो वरचा लाभ समजावा. विक्रेते नेमके याच्या उलट बोलतात. सांगाडा पाहण्यासाठी होडी काठावर ओढून, कोरडी करून, पालथी घालायला सांगावी. प्लास्टिकच्या हातोडीने किंवा नाण्याने सगळा तळ ठोकत जावा. टणक आवाजाच्या मध्येच बोदा आवाज आला, तर तिथे थर सुटले आहेत असे समजावे. रंगाखाली बारीक फोड दिसत असल्यास पाणी आत मुरले आहे. सर्वांत जास्त वेळ इंजिन टांगण्याच्या मागच्या फळीपाशी घालवावा, कारण वरून फायबर असले तरी तिच्या आत बहुतेकदा प्लायवूड असते आणि बोल्टच्या भोकांतून पाणी शिरून ते कुजते. इंजिन बसवलेले असतानाच ते हाताने खालीवर दाबावे आणि फळी हलते का, तडा उघडतो का, हे पाहावे. तळाच्या पोकळीत फोम भरलेला असेल, तर तो पाणी पिऊन जड होतो आणि हे डोळ्यांना दिसत नाही; म्हणून होडी गाडीवर चढवलीच आहे, तर वजनकाट्यावर नेऊन मूळ वजनाशी ताडून पाहावी. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात काट्यांची वाण नाही.

इंजिन आधीच तापवून ठेवलेले नसावे; ते थंड असताना आपल्यासमोर सुरू करून दाखवायला सांगावे. प्रत्येक सिलिंडरचे कंप्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजावे. त्यांत दहा टक्क्यांहून अधिक फरक असेल, तर मोठा खर्च जवळ आला आहे. गिअर ऑईल दुधाळ दिसले, तर सील गेले आहे. थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार बाहेर सतत पडते का, हेही पाहावे, कारण उजनीतली जलपर्णी आणि शेवाळ पाणी ओढण्याची जाळी बंद करते व इंजिन तापून जाते. इंजिनाच्या पाण्यातील पंख्याची (प्रोपेलरची) पाती वाकलेली असतील, तर कुठे आदळले हे विचारावे आणि त्याचा दांडा फिरवून सरळ आहे का ते पाहावे. चाचणी रिकाम्या होडीवर न घेता नेहमीइतकी माणसे बसवून घ्यावी.

कोकणातून आलेली होडी स्वस्त मिळते, पण ती खाऱ्या पाण्यात राबलेली असते. तिच्या वायरी, बोल्ट आणि इंजिनाच्या आतील पाण्याच्या वाटा आधी तपासाव्यात. इंजिनाचा धातू गंजू नये म्हणून खाऱ्या पाण्यासाठी लावलेले जस्ताचे तुकडे गोड्या पाण्यात नीट काम करत नाहीत; त्यांच्या जागी मॅग्नेशियमचे बसवावे लागतात. वाहतुकीचा खर्च धरला की स्वस्ताई बरीच आटते.

कागदपत्रांना वेगळा दिवस ठेवावा. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार यांत्रिक होडीला नोंदणी आणि तपासणीचे प्रमाणपत्र लागते. ही दोन्ही नसतील, तर ती मिळतील की नाही याची चौकशी पैसे देण्याआधी करावी. जलाशय जलसंपदा विभागाचा असल्याने तिथली परवानगी स्वतंत्र असते. सरकारी अनुदानातून घेतलेली होडी असेल, तर ती विकण्यावर अटी आहेत का, हे जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावे. भीमेच्या पात्रात बेकायदा वाळूउपशाच्या होड्या महसूल विभाग जिलेटिनने उडवून देतो, त्यामुळे तळाला वाळूचे ओरखडे, बसवलेल्या पंपाच्या खुणा किंवा अंगापेक्षा मोठे इंजिन दिसले, तर किंमत कितीही कमी असो, सौद्यातून उठावे.

२१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. म्हणून आसनाइतकी लाइफ जॅकेटे, दोन वल्ही, पाणी उपसायचे भांडे आणि दोरखंड हे होडीच्या किमतीतच धरावे. जुन्या जॅकेटांचा फोम दाबून पाहावा. तो चुरा होत असेल, तर नवीन घ्यावीत.

विसार थोडाच द्यावा आणि पाण्यावरील चाचणी व इंजिन क्रमांकाची खातरजमा झाल्यावरच बाकीची रक्कम, शक्यतो बँकेतून, द्यावी. विक्रीचा करार मुद्रांकावर करून त्यात इंजिनाचा क्रमांक लिहावा. होडी रात्री कुठे बांधायची आणि इंजिन उतरवून कोणाच्या घरी ठेवायचे, हे काठावरच्या माणसाशी आधीच बोलून ठेवावे.