विमान प्रवाशांचे वर्षाचे आकडे वाचायचे कसे (आणि भांडण कसं टाळायचं)

आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर मागे मोठं वाजलं. एकानं टाकलं की 2019 ला जगात साडेचारशे कोटी लोक विमानानं फिरले, दुसऱ्यानं लगेच बातमी चिकटवली की त्याच वर्षी नऊशे कोटींच्या वर, मग काय, तू खोटा की मी खोटा, रात्री बारापर्यंत. दोघंही बरोबर होते भाऊ, फक्त मोजणारे वेगवेगळे होते.

तर सगळ्यात आधी पहा मोजलं कोणी. विमान कंपन्यांचा आकडा असला, जो आयकाओ (संयुक्त राष्ट्रांची विमान वाहतूक संस्था) किंवा आयाटाकडून (विमान कंपन्यांची संघटना) येते, तर त्यात एका फ्लाइटला एक डोकं. एअरपोर्टवाल्यांचा असला, जो एसीआय (जगभरच्या एअरपोर्टांची संघटना) काढते, तर चढणारा वेगळा आणि उतरणारा वेगळा. तुम्ही सोनेगावहून, म्हणजे आपल्या नागपूरच्या एअरपोर्टवरून, मुंबईला गेले तर कंपनीच्या वहीत एक, एअरपोर्टांच्या वहीत दोन, एक इथं अन् एक तिथं. मुंबईत फ्लाइट बदलून लंडनला गेले तर कंपन्यांकडे दोन आणि एअरपोर्टांकडे चार. माणूस एकच, संत्रा बर्फीचा डबाही एकच! म्हणून "इतके कोटी लोक" असं म्हणूच नका, तेवढ्या वेळा कोणीतरी सीटवर बसलं एवढाच त्याचा अर्थ. आणि हो, बिलियन दिसलं की शंभर कोटी करून घ्या, मिलियन म्हणजे दहा लाख, यातच अर्धे लोक एक शून्य खाऊन टाकतात.

तिसरं एक माप आहे, आरपीके, पेपरात ते "प्रवासी वाहतूक" म्हणून छापून येते आणि कोणाला कळत नाही. प्रवासी गुणिले किलोमीटर, बस. नागपूर-मुंबई हवेतून 700 किलोमीटर धरा, 180 सीटच्या विमानात 150 जण बसले तर 1 लाख 5 हजार आरपीके झाले, आणि सगळ्या सीटांचे 1 लाख 26 हजार. पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की लोड फॅक्टर, म्हणजे विमान किती टक्के भरलं ते, इथं 83 टक्क्यांच्या थोडा वर. 2024 चा जगाचा आकडा 83.5 टक्के होता, तोवरचा रेकॉर्ड, म्हणजे आपलं हे काल्पनिक विमान जगाच्या सरासरीनंच भरून राहिलं. फक्त लांबच्या फ्लाइटा वाढल्या तर आरपीके जोरात पळते आणि डोकी तेवढी वाढत नाहीत, हे ध्यानात ठेवा.

आता वर्ष कोणतं? इथं मी स्वतः दोनदा आपटलो. डीजीसीएचा (आपल्या सरकारचं विमान वाहतूक महासंचालनालय) देशांतर्गत आकडा जानेवारी ते डिसेंबर असते, एअरपोर्ट ऑथॉरिटीची वार्षिक बेरीज एप्रिल ते मार्च, आणि त्यात परत ते चढणं-उतरणं दुप्पट आहेच. नागपूरचा कॅलेंडर वर्षाचा आकडा पाहिजे असला तर जुगाड असा: ऑथॉरिटीच्या दर महिन्याच्या पीडीएफमध्ये एप्रिलपासूनची बेरीज देतात. मार्च 2024 च्या बेरजेतून डिसेंबर 2023 ची वजा करा, जानेवारी ते मार्च हाती लागले. त्यात डिसेंबर 2024 च्या पीडीएफमधली एप्रिल ते डिसेंबरची बेरीज मिळवा. झालं 2024.

मग टक्के. टक्क्यांवर एकदम भरोसा ठेवू नका बाप्पा. डीजीसीएचेच आकडे घ्या, लाखात: 2019 ला 1441.71, 2020 ला 630.11, 2021 ला 838.14, 2022 ला 1232.45, 2023 ला 1520.32, 2024 ला 1613.31. 2021 ची वाढ 33 टक्के, 2022 ची 47 टक्के, ऐकायला एकदम झकास, पण 2022 संपलं तरी आपण 2019 च्या साडेचौदा टक्के खालीच होतो. त्यापेक्षा 2019 ला 100 धरा आणि बाकी सगळं त्याच्यावर बसवा: 44, 58, 85, 105, 112. खड्डा किती खोल होता आणि वर कधी आलो ते एका ओळीत दिसते. एप्रिल 2020 ला तर प्रवासी विमानंच बंद होती, शून्याशी तुलना करून टक्के काढायला गेलं की एक्सेलही रुसते.

रँकिंगचंही तसंच. 2020 ला अटलांटा 4.29 कोटींवर आलं आणि ग्वांगझू 4.38 कोटींनी जगात पहिलं, ते काही ग्वांगझूनं मोठी उडी मारली म्हणून नाही, ते बाकीच्यांपेक्षा कमी घसरलं म्हणून. 2024 ला अटलांटा परत 10.8 कोटींवर, तरी 2019 च्या 11 कोटींच्या थोडं खालीच.

महिन्याची तुलना करायची तर सण पहा. दिवाळी 2023 ला नोव्हेंबरच्या मधात होती, 2025 ला ऑक्टोबरात, चिनी नववर्ष कधी जानेवारीत कधी फेब्रुवारीत येते, आणि 2024 चा फेब्रुवारी 29 दिवसांचा होता, एक दिवस म्हणजे जवळपास साडेतीन टक्के फुकटात. आपल्या नागपूरचा डिसेंबर तर नोव्हेंबरशी लावूच नका, विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असते ना, मुंबईच्या फ्लाइटात अर्धे लोक फायली घेऊन बसलेले. पण 2020 आणि 2021 ला हिवाळी अधिवेशन इथं झालंच नाही, मुंबईतच उरकलं.

म्हणून माझ्या शीटमध्ये आकड्यांच्या बाजूला एक कॉलम आहे, नाव "काहून", म्हणजे का. एप्रिल 2019 पुढे लिहिलंय जेट एअरवेज बंद, मार्च 2020 पुढे लॉकडाऊन, मे 2023 पुढे गो फर्स्ट बंद. जुलै 2018 पुढे बरेच दिवस नुसतं प्रश्नचिन्ह होतं, मग एक दिवस तर्री पोहे खाता खाता आठवलं की त्या वर्षी पावसाळी अधिवेशनच नागपुरात झालं होतं.