बासेलचा पगार, फ्रायबुर्गचा संसार: दोन शेजारी देशांतील राहणीखर्च कसा ताडून पाहावा

स्वित्झर्लंडमधील बासेल शहरातून निघणारी आठ क्रमांकाची ट्राम 2014 च्या डिसेंबरपासून सीमा ओलांडून जर्मनीतील वाइल आम राइन या गावापर्यंत जाते. शनिवारी सकाळी ती रिकाम्या पिशव्या घेतलेल्या माणसांनी भरून जाते आणि दुपारी भरलेल्या पिशव्या घेऊन परत येते. हे दृश्य पाहिले की जर्मनी स्वस्त आणि स्वित्झर्लंड महाग असा निष्कर्ष सहज निघतो. पण बासेलच्या औषध कंपनीचे आणि दक्षिण जर्मनीतील एखाद्या संस्थेचे अशी दोन्ही नियुक्तीपत्रे हाती असलेल्या मराठी कुटुंबाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. आम्ही आधी जर्मनीतील फ्रायबुर्गला आणि नंतर बासेलला संसार केला. दोन्ही शहरांत जलद रेल्वेने पाऊण तासाचेही अंतर नाही. दोन्ही घरांच्या हिशेबाच्या वह्या शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट स्पष्ट झाली, ती अशी की दुकानातील भावांपेक्षा आरोग्य विमा, मुलांचा सांभाळ आणि घर या तीन नोंदींवरच सगळा हिशेब फिरतो, आणि त्या तिन्ही नोंदी कुटुंबात माणसे किती व कमावणारे किती यावर अवलंबून असतात. म्हणून तुलना दोन देशांची न करता, तेच कुटुंब दोन्हीकडे ठेवून करावी.

सुरुवातीला एका कागदावर दोन रकाने आखावेत, एक युरोचा आणि एक फ्रँकचा, आणि रुपयांचा तिसरा रकाना मुळीच आखू नये. रुपयांत पाहिले की फ्रँकमधला पगार डोळे दिपवतो, आणि खर्चही फ्रँकमध्येच होणार आहे याचा विसर पडतो. दोन्ही रकान्यांत वार्षिक एकूण पगार लिहावा, मासिक नव्हे, कारण स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी पगार तेरा हप्त्यांत मिळतो आणि वार्षिक रकमेला बाराने भागून काढलेला आकडा दरमहा हातात येत नाही. कामाचे तासही शेजारी लिहावेत. स्वित्झर्लंडमध्ये आठवड्याला चाळीस ते बेचाळीस तास ही नेहमीची बाब आहे, आणि रजा कायद्याने किमान चार आठवडे आहे. जर्मनीतही पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान वीसच दिवस रजा आहे, परंतु प्रत्यक्ष करारांत तीसच्या आसपास दिवस सर्रास दिलेले असतात.

यानंतर सर्वाधिक चुका जिथे होतात तो आकडा येतो, म्हणजे निव्वळ पगार. जर्मनीत पगारपत्रकाच्या तळाशी दिसणाऱ्या रकमेतून आयकर, निवृत्तिवेतन, बेरोजगारी विमा, शुश्रूषा विमा आणि आरोग्य विमा हे सगळे आधीच वजा झालेले असते. निवृत्तिवेतनाचा वाटा पगाराच्या 18.6 टक्के असून त्यातला निम्मा मालक भरतो. आरोग्य विम्याचा मूळ दर 14.6 टक्के असून तोही, विमा संस्थेच्या जादा वर्गणीसह, निम्मा निम्मा वाटला जातो. स्वित्झर्लंडमध्ये पहिल्या स्तंभाचे, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन-विम्याचे, 5.3 टक्के, बेरोजगारी विम्याचे 1.1 टक्के, वयानुसार वाढत जाणारी निवृत्तिनिधीची वर्गणी आणि परदेशी कर्मचाऱ्याचा मुळातून कापला जाणारा कर एवढेच मुख्यतः वजा होते. आरोग्य विमा त्यात नसतो. तो घरी पोहोचलेल्या पगारातून स्वतः भरावा लागतो. त्यामुळे दोन पगारपत्रकांचे तळाचे आकडे शेजारी ठेवणे ही तुलनाच नव्हे. स्विस आकड्यातून घरातील सर्व माणसांचे विम्याचे हप्ते वजा केल्यावरच ती सुरू होते.

आरोग्य विमा: टक्क्यांनी की डोक्यागणिक

या नोंदीवर थोडे थांबणे आवश्यक आहे. जर्मनीतील सार्वजनिक विम्यात वर्गणी पगाराच्या प्रमाणात असते आणि एका ठरावीक मर्यादेनंतर वाढत नाही. न कमावणारा जोडीदार आणि मुले त्याच वर्गणीत, एक पैसाही जादा न देता समाविष्ट होतात. स्वित्झर्लंडमध्ये 1996 पासून लागू असलेल्या कायद्यानुसार प्रत्येक माणसाचा विमा स्वतंत्र आणि सक्तीचा असतो. त्याचा हप्ता पगारावर ठरत नाही. तो कॅन्टन (म्हणजे स्विस संघराज्यातील राज्य), वयोगट आणि निवडलेली योजना यांवर ठरतो, आणि बासेल शहराचा कॅन्टन या बाबतीत महागड्या कॅन्टनांत मोडतो. केवळ उदाहरणासाठी प्रौढाचा हप्ता महिना 500 फ्रँक आणि मुलाचा 130 फ्रँक धरला, तर चौघांच्या कुटुंबाचे महिन्याला 1,260 आणि वर्षाला 15,120 फ्रँक होतात. एकट्या माणसाला हेच 6,000 पडतात. एकाच पगारावर राहणारे हे दोन संसार म्हणजे जणू दोन निराळे देश आहेत. आपल्या पत्त्याचे आणि वयाचे खरे हप्ते संघराज्य सरकारच्या प्रिमइन्फो या तुलना-सुविधेवर विनामूल्य पाहता येतात; ओळखीच्यांनी सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नये, कारण त्यांचा कॅन्टन आणि योजना वेगळी असू शकते.

हप्त्याबरोबर फ्रांशीज, म्हणजे वर्षातील सुरुवातीचा जो खर्च आपणच सोसायचा ती रक्कम, निवडावी लागते. प्रौढांसाठी ती किमान 300 आणि कमाल 2,500 फ्रँक असते, आणि ती ओलांडल्यावरही पुढील बिलांचे दहा टक्के, वर्षाला 700 फ्रँकपर्यंत, आपल्याकडेच राहतात. म्हणजे कमी हप्त्याच्या लोभाने मोठी फ्रांशीज घेतलेल्या प्रौढाचा आजारपणाच्या वर्षातील जादा खर्च 3,200 फ्रँकपर्यंत जातो, तर लहान फ्रांशीज घेतलेल्याचा 1,000 वर थांबतो. मुलांना फ्रांशीज सक्तीची नाही. गर्भारपणाच्या तेराव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतरच्या आठ आठवड्यांपर्यंत आईला यांपैकी काहीच भरावे लागत नाही, ही तरतूद तरुण जोडप्यांनी लक्षात ठेवावी. दातांचे नेहमीचे उपचार मूळ विम्यात येत नाहीत. ते शक्यतो भारतभेटीत उरकणारी कुटुंबे आम्ही बरीच पाहिली, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

आणखी एक सूचना मनापासून करावीशी वाटते. स्वित्झर्लंडमध्ये आल्यापासून तीन महिन्यांत विमा घ्यावा लागतो, पण तो लागू होतो आगमनाच्या दिवसापासून. आम्ही अडीच महिने निवांत तुलना करत बसलो आणि नंतर मागील सर्व हप्त्यांचे बिल एकदम आले, तेही घराची अनामत भरलेल्या महिन्यात. म्हणून पहिल्या तिमाहीचे हप्ते आगमनखर्चातच धरून ठेवावेत.

घर

जर्मनीत जाहिरातीतील भाडे बहुधा काल्टमीटे, म्हणजे निव्वळ जागेचे असते. तापवणी, पाणी, जिन्याची सफाई यांचा आगाऊ अंदाज मिळवल्यावर वार्ममीटे होते, आणि वर्षअखेरीस प्रत्यक्ष वापराचा हिशेब येऊन फरक भरावा लागू शकतो. वीज आणि इंटरनेट त्याहून वेगळे. स्विस भाड्यातही असे जोडखर्च असतात, परंतु एक मोठा फरक स्वयंपाकघराचा आहे: जर्मनीत अनेक घरे ओटा, शेगडी, कपाटे यांशिवाय, केवळ नळाची तोंडे बाहेर आलेल्या अवस्थेत मिळतात, तर स्वित्झर्लंडमध्ये स्वयंपाकघर घराबरोबरच येते. जर्मन रकान्यात म्हणूनच स्वयंपाकघराची एकरकमी नोंद ठेवावी. कपडे धुण्याचे यंत्र मात्र जुन्या स्विस इमारतींत तळघरात सामाईक असते आणि पाळी लावून वापरावे लागते. लहान मूल असलेल्या घरात हा पैशांचा नव्हे, पण रोजच्या जगण्याचा खर्च आहे. अनामत दोन्हीकडे तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत असते. कर्ज थकलेले नसल्याचा दाखला दोन्हीकडे मागतात, आणि नव्याने आलेल्याजवळ तो नसल्यामुळे नोकरीचे नियुक्तिपत्र अर्जासोबत जोडावे. कचऱ्याची पिशवीसुद्धा बासेलमध्ये कर भरलेली, ठरावीक निळी घ्यावी लागते. दूरचित्रवाणी आणि आकाशवाणीचे शुल्क जर्मनीत घरामागे महिना 18.36 युरो, तर स्वित्झर्लंडमध्ये 2025 साली वर्षाला 335 फ्रँक होते.

मुले आणि दुसरा पगार

आमच्या वहीत सर्वांत मोठा फरक याच पानावर पडला. जर्मनीत 1 ऑगस्ट 2013 पासून वयाचे पहिले वर्ष पूर्ण केलेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघरातील जागेचा कायदेशीर हक्क आहे, आणि शुल्क गावागणिक बदलत असले तरी ते सार्वजनिक पैशाने मोठ्या प्रमाणात हलके केलेले असते. जागा मिळण्यास विलंब होतो, कर्मचाऱ्यांच्या कमतरतेमुळे तास कमी होतात, हेही खरे आहे. स्वित्झर्लंडमधील शहरांत पूर्ण दिवसाचे शुल्क शंभर फ्रँकांच्या वर सहज जाते. दिवसाला 120 फ्रँक धरले, तर आठवड्याचे पाचही दिवस पाठवलेल्या एका मुलाचे महिन्याला सुमारे 2,600 फ्रँक होतात. अनुदान मिळते का, आणि किती उत्पन्नापर्यंत, हे कॅन्टनच्या कार्यालयाला आधीच विचारून घ्यावे.

म्हणून दुसऱ्या जोडीदाराच्या पगाराची नोंद स्वतंत्र करून त्यातून पाळणाघर आणि वाढलेला कर वजा करावा, आणि उरलेली रक्कमच मिळकत म्हणून धरावी. स्वित्झर्लंडमध्ये साठ किंवा ऐंशी टक्के, म्हणजे आठवड्याचे तीन किंवा चार दिवस, नोकरी करणे सर्वमान्य आहे. तीन दिवसांच्या पाळणाघराचे वरील दराने सुमारे 1,560 फ्रँक होतात, आणि पुष्कळ कुटुंबे त्याच हिशेबाने निर्णय घेतात. बहुतेक कॅन्टनांत चौथ्या वर्षापासून बालवर्ग सक्तीचा आणि विनामूल्य आहे, त्यामुळे हा खर्च काही वर्षांनी ओसरतो. परंतु अनेक ठिकाणी मुले दुपारी जेवायला घरी येतात, तेव्हा दुपारच्या सांभाळाची नोंद कायम राहते. मुलांसाठीचा भत्ता जर्मनीत 2025 साली प्रत्येकी 255 युरो होता आणि स्वित्झर्लंडमध्ये किमान 215 फ्रँक. बाळ होण्याची शक्यता असल्यास प्रसूतीनंतरचा काळही तोलावा. स्वित्झर्लंडमध्ये आईला चौदा आठवडे, पगाराच्या ऐंशी टक्के दराने आणि कमाल मर्यादेसह भत्ता मिळतो. जर्मनीत प्रसूतीरजेनंतर प्रत्येक पालकाला तीन वर्षांपर्यंत नोकरी राखून ठेवणारी रजा घेता येते आणि काही महिने पालकभत्ता मिळतो. बाळाला पहिले वर्षभर घरी ठेवू इच्छिणाऱ्या आईबापांसाठी ही एकच नोंद पगारातील बराचसा फरक भरून काढते, असे माझे स्पष्ट मत आहे.

किराणा आणि प्रवास यांवर लोक सर्वाधिक बोलतात, पण ते पान आमच्याकडे लहानच राहिले. मांस स्वित्झर्लंडमध्ये फार महाग आहे. वरण-भात, पोळी-भाजीवर चालणाऱ्या घराला तो फरक कमी जाणवतो, मात्र पनीर आणि बाहेरचे जेवण जाणवते. सीमेपलीकडून खरेदी करताना 1 जानेवारी 2025 पासून दर माणशी दर दिवशी 150 फ्रँकपर्यंतचा मालच स्विस करातून मुक्त आहे, पूर्वी ही मर्यादा 300 होती. मांसाला माणशी एका किलोची वेगळी मर्यादा आहे. जर्मन कराचा परतावा 50 युरोंच्या वरच्या बिलावरच, सीमेवर शिक्का घेऊन मिळतो. प्रवासासाठी जर्मनीत देशभरच्या स्थानिक वाहतुकीचे मासिक तिकीट 2025 मध्ये 58 युरो होते, 2026 पासून 63 झाले. स्वित्झर्लंडमध्ये अर्ध्या भाड्याचे वार्षिक कार्ड घेतल्याशिवाय कोणताही प्रवासखर्च मांडू नये.

जर्मनीत राहून बासेलला नोकरी करावी, ही कल्पना प्रत्येकाला सुचते. युरोपीय संघाच्या नागरिकांना ती सहज साधते. भारतीय पारपत्रधारकाला मात्र सीमापार कर्मचाऱ्याचा परवाना मिळण्यासाठी शेजारी देशात कायम वास्तव्याचा हक्क आणि सीमाभागात किमान सहा महिन्यांचे वास्तव्य लागते. म्हणजे भारतातून थेट येणाऱ्यासाठी हा मार्ग सुरुवातीला बंद असतो, आणि हिशेबात तो धरू नये. उलट जर्मनीत निळ्या कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांच्या युरोपीय परवान्यावर, असलेल्याला जर्मन भाषेची बी-1 (मध्यम) पातळी गाठल्यास 21 महिन्यांत, आणि ए-1 (प्राथमिक) वर 27 महिन्यांत कायम वास्तव्य मिळू शकते. त्यानंतर तोच दरवाजा उघडतो.

कागदाच्या तळाशी आणखी दोन नोंदी कराव्यात. पहिली नोकरी गेल्यास काय, याची: स्वित्झर्लंडमध्ये पहिल्या वर्षी कायद्याने एक महिन्याची आणि दुसऱ्या ते नवव्या वर्षापर्यंत दोन महिन्यांची सूचना पुरते, तर जर्मनीत दहाहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी सहा महिन्यांनंतर बडतर्फीला सबळ कारण द्यावे लागते. म्हणून फ्रँकच्या रकान्यात किमान सहा महिन्यांचा घरखर्च राखीव धरावा. दुसरी नोंद परत जाण्याची: कायमचे भारतात परतणाऱ्याला स्विस निवृत्तिनिधीतील साठलेली रक्कम एकरकमी काढता येते, मालकाच्या वाट्यासह. पाच-सहा वर्षांनी पुण्याला किंवा नागपूरला परतायचे ठरलेले असेल, तर ही रक्कम स्विस रकान्यात बचत म्हणून मिळवावी, आणि त्यासाठी नियुक्तिपत्रावर सही करण्यापूर्वी निवृत्तिनिधीचे वयानुसार वर्गणीचे पत्रक कंपनीकडून लेखी मागून घ्यावे.