मराठी नावांचे दोन ॲरे जुळवायच्या आधी एवढं करून ठेवा

मागच्या वर्षी एका शिबिरासाठी नाव नोंदवलेल्यांची यादी आणि पैसे भरलेल्यांची यादी जुळवायचं काम माझ्याकडे होतं. प्रत्येक यादीचा एक ॲरे, म्हणजे कोडमधली यादी, केला, दहा ओळींचा कोड लिहिला, चालवला, आणि ज्यांचं नाव-गाव दुसऱ्या ॲरेत सापडलं नाही त्या सगळ्यांना 'पैसे बाकी आहेत' असा मेसेज गेला. त्यातल्या बऱ्याच जणांनी पैसे कधीच भरले होते. एका काकूंचा फोन आला, पावती समोर धरून नंबर वाचून दाखवत होत्या, खूप वाईट वाटलं. काकूंचं गाव कऱ्हाड. दोन्ही याद्यांत कऱ्हाडच लिहिलेलं, स्क्रीनवर तंतोतंत सारखं, आणि कोड म्हणतोय वेगळं आहे. तर आता काम सुरू करायच्या आधी मी काय काय करतो ते सांगतो.

मागचेपुढचे स्पेस काढा, मधले डबल स्पेस एक करा, हे सगळ्यांना माहीत आहे. एक्सेलमधून सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली साध्या मजकुराची फाइल, आली असेल तर तिच्या अगदी सुरुवातीला बीओएम हे न दिसणारं चिन्ह असू शकतं आणि नेमकं पहिलंच नाव जुळत नाही. मागचेपुढचे स्पेस काढणारं पायथनचं स्ट्रिप ते काढत नाही, फाइल उघडतानाच एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग द्या.

मग जुळणं म्हणजे नक्की काय ते ठरवा. जावास्क्रिप्टमध्ये 'यात हे आहे का' ते सांगणारं इन्क्लूड्स ॲरेलाही आहे आणि स्ट्रिंगलाही, म्हणजे सलग मजकुरालाही, आहे, ॲरेवर ते अख्खा घटक बघतं, स्ट्रिंगवर तुकडा बघतं, म्हणजे चुकून स्वल्पविरामाने जोडलेली स्ट्रिंग हातात असेल तर 'राम' शोधल्यावर 'रामदास'सुद्धा चालून जातो. इंडेक्सऑफ कितव्या जागी सापडलं ते सांगतं, न सापडलं तर उणे एक देतं, ते वापरत असाल तर उणे एकशीच तुलना करा, पहिला घटक सापडला की उत्तर शून्य येतं आणि इफ ते खोटं धरतो.

आता जे मी विसरलो ते. तुलना करायच्या आधी दोन्ही ॲरे नॉर्मलाइज करा, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करा. दोन्ही. एकच करून उपयोग नाही. 'कऱ्हाड' तीन प्रकारे टाइप होतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, कोडपॉइंट, म्हणजे युनिकोड या अक्षरांच्या जागतिक तक्त्यातला नंबर, ०९३१, मग हलन्त, मग हाड, लांबी ६ कोडपॉइंट. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता म्हणजे टिंब, मग हलन्त, लांबी ७. तीन, साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे म्हणजे २००डी हे न दिसणारं चिन्ह, लांबी परत ७. दिसायला तिन्ही सारखेच. एनएफसी, म्हणजे नॉर्मलाइज करायचा नेहमीचा प्रकार, केलं की दुसरा पहिल्यासारखा होतो, पण तिसरा होत नाही, आणि नेमका तिसराच माझ्या यादीत होता. म्हणजे नुसतं नॉर्मलाइज फंक्शन बोलावून सुटका नाही, र-हलन्त-२००डी दिसलं की त्याजागी ऱ-हलन्त घाला ही ओळ स्वतः लिहायला लागते.

आणि कृपा करून ती ओळ लिहायच्या आधी 'सगळी अदृश्य चिन्हं उडवा' असलं काही चालवू नका! झेडडब्ल्यूजे उडालं की अर्धा र रफार होऊन ह च्या डोक्यावर बसतो, गाव जुळत नाही ते नाहीच, वर दऱ्या आणि दर्या एक होतात, आचाऱ्यांना वाढलेलं जेवण आचार्यांना जातं. आधी ऱ, मग उरलेली अदृश्य चिन्हं. हाच क्रम.

तसंच ॲ चं. 'ॲड.' लावलेली वकील मंडळी प्रत्येक यादीत असतात. एका अक्षराचा ॲ, ०९७२, युनिकोडमध्ये आला २००८ साली, ५.१ आवृत्तीत, त्यामुळे जुन्या सवयीने लोक अ वर चंद्र देतात, काही कीबोर्ड त्या दोघांच्या मध्ये झेडडब्ल्यूजे पण टाकतात. एनएफसी यांना एक करत नाही. हेही स्वतः बदला. एकच फंक्शन लिहा आणि दोन्ही ॲरे त्यातूनच जाऊ द्या, पुन्हा सांगतो, दोन्ही. मूळ नाव मात्र बाजूला जपून ठेवा, पत्रावर तेच छापायचं.

यादी मोठी असेल तर लूपात लूप नको, दहा हजारांची यादी दहा हजारांशी म्हणजे दहा कोटी तुलना, दुसऱ्या ॲरेचा सेट करा, म्हणजे प्रत्येक गोष्ट एकदाच ठेवणारी, झटकन शोधता येणारी यादी. पण सेटमध्ये एकाच नावाची दोन माणसं एक होतात, तेव्हा नावासोबत मोबाइल नंबर घ्या. आकडे ५ आणि 5 असे दोन्ही येतील, ते एक करा.

टेस्ट : कऱ्हाड, गोऱ्हे, बऱ्हाणपूर, तिन्ही प्रकारे टाइप करून. जुळले की मगच खरी यादी. न सापडलेली नावं डोळ्यांनी वाचा, शंका आली तर त्या नावाचे कोडपॉइंट छापून बघा, स्क्रीनवर विश्वास ठेवू नका. मेसेज त्यानंतर.