बायकांचा गट घ्यायचा तर वजनकाटा बाहेर ठेवा

वजनामुळे स्वतःच्या शरीराची लाज वाटणाऱ्या बायकांसाठी मी समुपदेशनाचे गट घेते. तुम्हीही घेणार असाल, तर आधी खुर्च्या बघा. हात असलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत आपण अडकू, या भीतीने एखादी पहिल्याच दिवशी दारातून परत जाते. बिनहाताच्या भक्कम खुर्च्या ठेवा, जागा तळमजल्यावरची घ्या. कोथरूडमधल्या माझ्या खोलीच्या पाटीवर लठ्ठपणाचं नावही नाही. पुण्यात ओळखीचं कुणी भेटणार, हे धरूनच चालायचं.

गट सहा ते नऊ जणींचा, आठवड्यातून एकदा दीड तास, दहा-बारा बैठका. मध्येच नवीन कुणी नाही. त्याआधी प्रत्येकीशी वेगळं बोलते: भान सुटल्यासारखं खाणं होतं का, मग उपास किंवा उलट्या काढणं, जीव नकोसा होणं? असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सगळ्यांनाच देऊन ठेवते.

गटातलं गटात राहील, हा पहिला नियम. दुसरा असा, की किलो, कॅलरी, कुणाचं किती उतरलं हे इथे नाही. आपल्याकडे बरेचदा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ झाला की लठ्ठपणा धरतात. तो हिशेब आणि साखरेची औषधं डॉक्टरांकडे चालू राहू देत. इथे मात्र 'अगं, किती बारीक झालीस!' अशी एक दाद आली, की बाकीच्या गप्प होतात.

खरं काम एका कागदावर होतं. 'बारीक झाल्यावर करीन' म्हणून काय काय ठेवून दिलंय, ते लिहायला सांगा. बिनबाह्यांचा ब्लाउज, टिळक तलावावर पोहणं, भाचीच्या लग्नात फोटोत पुढे उभं राहणं, पर्वती चढणं. डॉक्टरांकडे जाणंसुद्धा, कारण तिथे आधी काट्यावर उभं करतात. एक वाचते आणि दुसरी आपल्या कागदाकडे बघून हसायला लागते. समोर एकटा समुपदेशक असताना असं हसू येत नाही, म्हणून तर गट.

मग यादी कमी भीतीकडून जास्त भीतीकडे लावायची आणि दर आठवड्याला एक गोष्ट करायची. शिंप्याकडे माप द्यायला जाण्याआधी लिहायचं: 'मास्तर हसतील, खात्री ८० टक्के.' आल्यावर लिहायचं, प्रत्यक्षात काय झालं. कधी कुणी खरंच हसतं. तेव्हा 'तुझ्या मनाचे खेळ' म्हणू नका. जाड बाईला लोक बोलतात, हे खरंच आहे. त्याची गटात तालीम करा. एक आत्याबाई होते आणि 'काय गं, सुटलीस!' म्हणते, दुसरी 'आत्या, वजन सोडून बोलू या का?' हे आवाज न चढवता म्हणून बघते. आत्याबाईंची भूमिका करायला चढाओढ लागते, हा माझा अनुभव.

आरशात स्वतःला बघण्याचा सराव सहाव्या-सातव्या बैठकीनंतर. आधी नुसता हात. 'बेढब' चालणार नाही, 'छान'ही नाही. 'दंड गोल, कोपराजवळ भाजल्याची खूण' असं दिसेल तसं सांगायचं. पूर्ण आरसा घरी, कपड्यांत, अस्वस्थता थोडी उतरेपर्यंत समोरून न हटता. पोटाचा चिमटा काढून बघणं, जुनी जीन्स चढवून बघणं हे दिवसातून किती वेळा होतं, ते मोजून कमी करायचं.

शेवटच्या बैठकीनंतर महिन्याने पुन्हा एकदा बोलवा. तोवर व्हॉट्सॲप ग्रुप काढू नका. चार दिवसांत जिऱ्याच्या पाण्याचे फॉरवर्ड सुरू होतात.