ट्रॅकारवर गाडी ऑफलाइन? या चुका टाळा

‘दादा, डबा बसवला, लाइट पण लुकलुकतेय, पण तुमच्या नकाशावर गाडी काय येईना.’ डबा म्हणजे गाडीत बसवायचा जीपीएस ट्रॅकर. वायरमनचा असा फोन आला की मी पुढचं काही न विचारता सर्व्हरची लॉग फाइल, म्हणजे डब्याकडून आलेल्या संदेशांची नोंदवही, उघडतो. ट्रॅकार हा जावात लिहिलेला, अपाची 2.0 परवान्याखाली मोफत मिळणारा ओपन सोर्स ट्रॅकिंग सर्व्हर. दोनशेहून जास्त प्रोटोकॉल, म्हणजे डब्यांच्या भाषा, त्याला कळतात, आणि पहिली चूकही तिथेच होते.

कारण प्रत्येक प्रोटोकॉलचं पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरचं दार, वेगळं. जीटी06 चं 5023, एच02 चं 5013, टेल्टोनिकाचं 5027, मोबाइलवरच्या ट्रॅकार क्लायंट अ‍ॅपचं 5055. वेब पान 8082 वर उघडतं म्हणून डब्यातही 8082 भरणारे मी पाहिलेत. खोक्यावर कंपनीचं नाव काहीही असो, आतला डबा कोणती भाषा बोलतो ते लॉग सांगतो. ओळीत कंसामध्ये पोर्टच्या प्रोटोकॉलचं नाव असतं, पुढे हेक्समधला (0 ते 9 आणि a ते f अशा चिन्हांत लिहिलेला) मजकूर. मजकूर 7878 ने सुरू होतोय आणि कंसात मात्र एच02, म्हणजे डबा भलत्याच दारात उभा आहे. पोर्ट बदलायचं, संपलं.

जीटी06 च्या लॉगिन ओळीत 7878 नंतर चार अक्षरं सोडा. मग एक शून्य आणि त्याला चिकटून 15 आकडी आयएमईआय (डब्याचा ओळख क्रमांक) जसाच्या तसा दिसेल. टेल्टोनिकात तोच नंबर दिसतो, फक्त प्रत्येक आकड्याआधी एक 3 असतो. हे एकदा नजरेत बसलं की निम्मे फोन दोन मिनिटांत मिटतात. लॉगमध्ये ‘अननोन डिव्हाइस’ असं येत असेल तर सर्व्हरवर नंबर चुकलाय: कुणी सिमचा घातलेला असतो, कुणी खोक्यावरचा सिरीयल. शिवाय काही स्वस्त डबे पूर्ण आयएमईआय पाठवतच नाहीत, त्यातले काही आकडेच पाठवतात. म्हणून लॉगमध्ये जो नंबर दिसतो तोच कॉपी करून घाला.

लॉग कोराच असेल तर सर्व्हरची सेटिंग कुरतडत बसू नका. क्लाउडवर (भाड्याच्या सर्व्हरवर) फायरवॉल, म्हणजे पोर्ट अडवणारा पहारा, दोन असतात, एक क्लाउड कंपनीच्या पॅनेलमध्ये आणि एक मशीनवर. लोक एकच उघडतात. तेही ठीक असेल तर सिम बघा. डबा फक्त 2जी असेल आणि आत जिओचं सिम असेल तर जन्मात डेटा जाणार नाही, जिओचं 2जी नाहीच. एपीएन (सिम कंपनीच्या इंटरनेटचं नाव) डब्यात एसएमएसने भरावा लागतो, हेही विसरतात.

आता खास आपल्याकडची चूक. डब्याला जीएमटी अधिक साडेपाच तास अशी कमांड देतात, कारण ‘भारताची वेळ हवी ना!’ सर्व्हरला मात्र यूटीसी (जीएमटीचीच, शून्य तासांची वेळ) हवी असते. साडेपाच तास दोनदा मिळवले जातात आणि सकाळी 9 ची फेरी रिपोर्टमध्ये दुपारी अडीचला दिसते. डब्यावर शून्य टाइमझोन ठेवा. दुरुस्ती केल्यावर गाडी तासन्‌तास एकाच जागी अडकल्यासारखी दिसली तर घाबरू नका: सर्व्हरकडे आधीच ‘भविष्यातली’ नोंद आहे, घड्याळ तिच्या पुढे गेलं की गाडी हलते. मी पहिल्यांदा हे बघून सगळा सर्व्हर पुन्हा टाकला होता.

स्वतःचं अ‍ॅप लिहिणाऱ्यांसाठी एक: एपीआयमधून (सर्व्हरकडून डेटा घ्यायच्या मार्गातून) वेग नॉट्समध्ये (ताशी सागरी मैलांत) येतो. 1.852 ने गुणल्याशिवाय दाखवलात तर ताशी 60 ने चाललेला टँकर 32 दाखवेल आणि चालक खूश होईल. वेगमर्यादाही आत नॉट्समध्येच साठवली जाते.

इंजिन तास रोज 24 येत असतील तर दोष सॉफ्टवेअरचा नाही. वायरमनने एसीसीची तार (गाडी चालू आहे की बंद ते डब्याला कळवणारी) चावीऐवजी थेट बॅटरीच्या लाइनला जोडलीय. चावी काढून टेस्टर लावायला सांगा, त्याला लगेच कळतं.

डेटाबेसचं मात्र मनावर घ्या. ट्रॅकार सोबत एच2 डेटाबेस घेऊन येतो, तो चाखून बघण्यापुरता. 10 सेकंदाला एक नोंद धरली तर एका गाडीच्या दिवसाला 8,640, वीस गाड्यांच्या 1,72,800 ओळी. सुरुवातीपासूनच मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेएसक्यूएल लावा, कारण नंतर डेटा हलवणं हे हातकाम आहे. डॉकरवर (सर्व्हर कंटेनर नावाच्या बंद पेटीत चालवणाऱ्या साधनावर) असाल तर डेटाचं फोल्डर पेटीबाहेर माउंट केलंय (जोडलंय) का ते आजच बघा. मी केलं नव्हतं. नवीन आवृत्ती घ्यायला कंटेनर उडवला आणि त्याबरोबर तीन महिन्यांच्या फेऱ्या गेल्या. त्या महिन्याचं डिझेलचं बिल मालकाने चालकांच्या वह्यांवरून काढलं.